पूर ओसरला की ओबीएमचा गिअरबॉक्स उघडा

४ ऑगस्ट २०१९ रोजी खडवलीजवळच्या जू-नांदखुरी गावाला पुराने वेढा घातला आणि तिथल्या ५८ जणांना हवाई दलाच्या हेलिकॉप्टरने उचलावं लागलं. त्याच्या आठवडाभर आधी, २७ जुलैला, बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली आणि हजाराच्या आसपास प्रवासी सुखरूप बाहेर काढण्यात आले. ७ जुलै २०२४ ला वाशिंद परिसरातल्या एका फार्महाऊसवर अडकलेल्या ४९ जणांना एनडीआरएफने बोटींतून काठावर आणलं. भातसा, काळू आणि उल्हास या नद्यांच्या काठच्या माणसाला आता बोट ही फक्त कोळीवाड्यातली वस्तू वाटत नाही. बचाव पथकं, नदीकाठची रिसॉर्टं, जलाशयात मासेमारी करणाऱ्या संस्था, काही ठिकाणी पंचायती यांच्याकडे रबरी किंवा फायबरची बोट असते आणि तिच्या मागे टांगलेली ओबीएम, म्हणजे आउटबोर्ड मोटर.

आपल्याकडच्या ओबीएमचं दुखणं समुद्रावरच्या मशीनपेक्षा वेगळं असतं. मालवण-हर्णैची मशीन रोज चालते आणि खाऱ्या पाण्याने झिजते. आपली मशीन पावसाळ्यातले मोजके दिवस गढूळ पाण्यात, दगडा-फांद्यांतून पळते आणि उरलेलं वर्ष शेडमध्ये उभी राहते. तिला चालणं मारत नाही, हे उभं राहणं मारतं. पंख्याच्या, म्हणजे प्रोपेलरच्या, पुढचा जो गिअरबॉक्स, म्हणजे लोअर युनिट, त्यात जुलैमध्ये थोडं पाणी शिरतं. ते तेलापेक्षा जड असल्यामुळे तळाशी, नेमकं गिअर आणि बेअरिंगच्या भोवती, बसून राहतं. पुढच्या जूनपर्यंत बेअरिंगवर गंजाचे खड्डे पडतात. मग पुढच्या पुरात, भर प्रवाहात, आतून कडकड आवाज येतो आणि पंखा थांबतो.

हे टाळता येतं आणि झालं असलं तरी बहुतेक वेळा दुरुस्त करता येतं. त्यासाठी कोणता भाग बाजारातून मापाने घ्यायचा आणि कोणता कंपनीच्या नंबरानेच घ्यायचा, एवढं पक्कं माहीत हवं. निम्मे पैसे आणि निम्मा त्रास तिथेच वाचतो.

तेल काय सांगतं ते आधी ऐका

लोअर युनिटची रचना सोपी आहे. वरच्या इंजिनातून उभा ड्राइव्ह शाफ्ट खाली येतो. त्याच्या टोकाला छोटा पिनियन गिअर असतो. पिनियन समोरच्या फॉरवर्ड आणि मागच्या रिव्हर्स अशा दोन गिअरना कायम फिरवत असतो. या दोघांच्या मध्ये पंख्याच्या शाफ्टवर सरकणारा डॉग क्लच असतो. तो ज्या गिअरला जाऊन अडकतो, त्या दिशेने पंखा फिरतो. गिअरबॉक्सच्या माथ्यावर, त्याच ड्राइव्ह शाफ्टवर, इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या पंपाचा रबरी इम्पेलर बसलेला असतो. आतले गिअर तेलात बुडवून ठेवायचे आणि बाहेरचं पाणी आत येऊ द्यायचं नाही, हे काम ड्राइव्ह शाफ्ट, पंख्याचा शाफ्ट आणि गिअरचा दांडा या तीन जागांवरच्या ऑइल सील आणि ओ-रिंग करतात.

मशीन रात्रभर उभी ठेवा. सकाळी प्लगच्या टोप्या काढून ठेवा, म्हणजे इंजिन चुकून सुरू होणार नाही. खाली पसरट पांढरं भांडं ठेवा. गिअरबॉक्सला दोन स्क्रू असतात, खालचा तेल काढायचा आणि वरचा पातळीचा. खालचा स्क्रू हळूहळू सैल करा आणि पहिलं काय बाहेर येतं ते बघा. आत पाणी असेल तर आधी चमचाभर स्वच्छ पाणी गळतं, मग तेलाची धार लागते. त्यानंतर वरचा स्क्रू काढून सगळं तेल उतरू द्या.

तेल मधाच्या रंगाचं किंवा काळपट पण एकजीव असेल तर काळजी नाही. दूध घातलेल्या कॉफीसारखं असेल तर पाणी फेसाळून तेलात मिसळलंय, सील गेलेलं आहे. जळका वास येत असेल तर मशीन कमी तेलावर चाललेली आहे. खालच्या स्क्रूच्या टोकाला बहुधा चुंबक असतं. त्यावर चिकटलेली राखाडी पेस्ट बोटाने चोळून बघा. पिठासारखी मऊ लागली तर ती नेहमीची झीज. बोटाला टोचणारे चकचकीत तुकडे लागले तर गिअरचा दात किंवा डॉग क्लचचा कोपरा तुटलाय. मग मशीन उघडल्याशिवाय पर्याय नाही.

पंखा काढून शाफ्टच्या मुळाशीही बघा. नदीत वाहत आलेली जाळ्याची नायलॉन दोरी, गळाचा तंगूस, पोत्याचा धागा तिथे गुंडाळला जातो आणि सीलच्या ओठाला कापतो. गोड्या पाण्यात सील जाण्याचं हे मोठं कारण आहे आणि ते बाहेरून दिसत नाही.

उघडण्याआधी दाबाची चाचणी

तेल दुधाळ दिसलं की लगेच सगळं खोलून बसू नका. कोणतं सील गळतं ते आधी शोधा. तेल काढून झाल्यावर खालचा स्क्रू बंद करा. वरच्या स्क्रूच्या आट्यात नळी बसवून गेज असलेल्या हातपंपाने हवा भरा. किती दाब द्यायचा ते त्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतं. लहान-मध्यम मशीनना बहुधा १० ते १५ पीएसआय पुरतात. पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर थेट लावू नका, जास्त दाबाने चांगलं सीलही जागा सोडतं.

आता गिअरबॉक्स पाण्याच्या पिंपात बुडवा किंवा साबणाचं पाणी लावा. पंख्याच्या शाफ्टपाशी बुडबुडे आले तर मागचं सील, वर पंपाच्या बाजूने आले तर ड्राइव्ह शाफ्टचं, पुढच्या दांड्यापाशी आले तर गिअर रॉडचं. स्क्रूच्याच भोवती आले तर फक्त वॉशर बदलायचा. बुडबुडे आले नाहीत तरी शाफ्ट हाताने फिरवून आणि हलवून पुन्हा बघा, कारण काही सील शाफ्ट स्थिर असताना धरतात आणि फिरताना सोडतात. या चाचणीचा निकाल वहीत लिहून ठेवा. मेकॅनिक ‘सगळंच बदलावं लागेल’ म्हणाला तर हीच नोंद उपयोगी पडते.

खोलताना

पहिलं काम मोबाइलचं. प्रत्येक भाग काढण्याआधी फोटो आणि काढल्यावर पुन्हा फोटो. विशेषतः सीलचा ओठ कोणत्या बाजूला आहे आणि शिम कुठे किती आहेत, याचे.

लोअर युनिट मधल्या भागाला चार ते सहा बोल्टांनी धरलेलं असतं. काही मॉडेलांत एक बोल्ट ट्रिम टॅबच्या, म्हणजे पंख्याच्या वरच्या छोट्या पात्याच्या, खाली लपलेला असतो. तो न काढता बाकीचे काढून हातोडी मारली की ॲल्युमिनियमचं घर तडकतं. बोल्ट अडकला असेल तर गंज सोडवणारं तेल मारून एक रात्र जाऊ द्या, तरी हलला नाही तर शेक द्या. जोडात छिन्नी घालू नका. गिअरचा दांडा जोडलेला असेल तर तो आधी सोडवा आणि युनिट सरळ खाली ओढा.

वरून पंप खोला. इम्पेलरची पाती एका बाजूला वाकून तशीच राहिली असतील, टोकं घासलेली असतील किंवा चीर असेल तर तो टाका. गढूळ पाण्यातल्या वाळूने त्याखालच्या पातळ स्टीलच्या पट्टीवरही चरे पडतात. नखाला चरा लागला तर पट्टीही बदला. शाफ्टवरची छोटी की हरवू नका.

मग मागचं बेअरिंगचं घर. ते दोन बोल्टांनी किंवा मोठ्या रिंग नटने धरलेलं असतं आणि गंजाने चिकटतं. त्याला पुलर लागतो. ट्रॅक्टर-ट्रक दुरुस्तीच्या गॅरेजमधला दोन पायांचा पुलर बऱ्याचदा चालतो, नाहीतर वाशिंद-शहापूरच्या लेथवर जाड पट्टी आणि लांब बोल्ट वापरून तो बनवून घेता येतो. घराबरोबर पंख्याचा शाफ्ट आणि रिव्हर्स गिअर बाहेर येतो. त्यानंतर आतला पिनियनचा नट सोडवायचा, ड्राइव्ह शाफ्ट वर ओढायचा आणि शेवटी फॉरवर्ड गिअर काढायचा. प्रत्येक जागेचे शिम वेगळ्या तारेत ओवा आणि तारेला चिठ्ठी बांधा. शिम म्हणजे कागदासारख्या पातळ स्टीलच्या चकत्या. गिअरचे दात एकमेकांत किती खोल बसायचे ते त्या ठरवतात. त्यांची अदलाबदल झाली तर नवे गिअरही काही तासांत खराब होतात.

आता रॉकेलने धुवून सगळं कोरडं करा आणि दिवसाच्या उजेडात तपासा. गिअरच्या दातांवर खड्डे, तुटलेला कोपरा, निळसर छटा. डॉग क्लचचे कोपरे गोल झालेत का (गिअर सुटण्याचं हेच कारण). बेअरिंग हातात फिरवून खरखर येते का. शाफ्टवर जिथे सीलचा ओठ टेकतो, त्या जागेवरून नख फिरवा. नख अडकलं तर तिथे खाच पडली आहे आणि नवं सील घातलं तरी ते गळणारच. त्यावर शाफ्ट बदलणं किंवा त्या जागी स्टेनलेस स्टीलची पातळ बाही चढवणं हे दोनच खात्रीचे उपाय आहेत. पंखा दगडावर आपटला असेल तर शाफ्ट वाकलाय का ते व्ही-ब्लॉकवर ठेवून डायल गेजने मोजा. मर्यादा मिलिमीटरच्या काही शतांशांत असते, डोळ्याला ती दिसत नाही. मुरबाड एमआयडीसीत किंवा लेथवाल्याकडे हे मोजून मिळतं.

खरेदीच्या दोन याद्या

पहिल्या यादीत बाजारात मापाने मिळणारे भाग. बॉल बेअरिंगवर नंबर कोरलेला असतो. ६२०५ म्हणजे आतून २५, बाहेरून ५२ आणि रुंदीला १५ मिलिमीटर. हा नंबर जगभर सारखाच. नामवंत कंपनीचं तेच बेअरिंग घेतलं तर मशीनला फरक पडत नाही. कंपनीच्या डब्यात त्याच मापाचं बेअरिंग बऱ्याचदा जास्त किमतीला असतं. ऑइल सीलवर आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि रुंदी लिहिलेली असते. ओ-रिंग आतल्या व्यासाने आणि जाडीने मिळते. स्क्रूचे वॉशर, स्टेनलेसचे बोल्ट, मरीन ग्रीस आणि गिअर ऑइल हेही याच यादीत.

सीलच्या बाबतीत दोन गोष्टी ठरवून विचारा. सील दोन ओठांचं हवं आणि आतली स्प्रिंग स्टेनलेसची हवी. मोटारीच्या गिअरबॉक्सचं साधं सील मापात बसतं, पण त्याची लोखंडी स्प्रिंग पाण्यात गंजून तुटते आणि पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तेच काम समोर येतं.

दुसऱ्या यादीतले भाग फक्त कंपनीच्या नंबरानेच घ्यायचे. पिनियन, फॉरवर्ड आणि रिव्हर्स गिअर, डॉग क्लच, दोन्ही शाफ्ट, पिनियनचा नट, शिम, थ्रस्ट वॉशर आणि पाण्याच्या पंपाचा संच. गिअर लेथवर बनवून देतो म्हणणारा भेटेल, पण त्याच्या नादी लागू नका. या गिअरच्या दातांचा आकार आणि वरच्या थराचा कडकपणा छोट्या कारखान्यात साधत नाही. फॉरवर्ड गिअर आणि पिनियन एकमेकांबरोबर झिजलेले असतात, म्हणून बदलताना दोघांची जोडी बदला. पिनियनचा नट जुना वापरू नका. इम्पेलरची नक्कल स्वस्त मिळते, पण बचावाच्या बोटीला ती लावू नये.

ॲनोड, म्हणजे गंज आपल्यावर ओढून घेणारा धातूचा तुकडा, हाही बघून घ्या. खाऱ्या पाण्यासाठीचा झिंकचा तुकडा गोड्या पाण्यात लवकर निकामी होतो. भातसेच्या पाण्याला ॲल्युमिनियमचा किंवा मॅग्नेशियमचा चांगला. त्याला रंग लावू नका, लावला तर तो कामच करत नाही.

नंबर वाचायला शिका

दुकानात ‘यामाहा चाळीसचा गिअर द्या’ म्हटलं तर चुकीचा भाग मिळण्याची शक्यता मोठी. चाळीस हॉर्सपॉवरच्या नावाखाली वेगवेगळी मॉडेलं आहेत. बोटीला मशीन अडकवायच्या क्लॅम्पजवळ एक पट्टी असते. तिच्यावरचं मॉडेल, अनुक्रमांक आणि शाफ्टच्या लांबीचं अक्षर यांचा फोटो घ्या. त्यावरून कंपनीची सुट्या भागांची यादी, म्हणजे पार्ट्स कॅटलॉग, शोधा. ती इंटरनेटवर आकृतीसह मिळते.

यामाहाच्या नंबराची उकल अशी. पहिला गट मॉडेलचा. मधल्या पाच अंकांवरून भाग कळतो: ४४३५२ इम्पेलर, ४५५५१ पिनियन, ४५५६० फॉरवर्ड गिअर, ४५५७१ रिव्हर्स गिअर, ४५६३१ डॉग क्लच, ४५६११ पंख्याचा शाफ्ट. मधला गट सारखा आणि पहिला वेगळा असेल तर भाग त्याच जातीचा, पण तुमच्या मशीनचा असेलच असं नाही. शेवटचे दोन अंक सुधारित आवृत्ती दाखवतात. ‘जुना नंबर बंद झाला, हा नवा चालतो’ असं दुकानदार म्हणाला तर कॅटलॉगमध्ये तशी नोंद आहे का ते बघा. ९३१०१ ने सुरू होणारा नंबर ऑइल सीलचा, ९३२१० ओ-रिंगचा, ९३३०६ बॉल बेअरिंगचा. म्हणजे पहिल्या यादीतले भाग कॅटलॉगमध्येही ओळखता येतात. सुझुकी, मर्क्युरी, तोहात्सु यांची नंबर लिहिण्याची पद्धत वेगळी, पण नियम तोच: पट्टीवरून मॉडेल, मॉडेलवरून आकृती, आकृतीवरून नंबर.

कुठे जायचं

बेअरिंग आणि सील यांसाठी आधी कल्याण-भिवंडीत विचारा. तिथे नाही मिळालं तर मुंबईची नागदेवी स्ट्रीट. कसाऱ्याची फास्ट लोकल मशीद बंदरला थांबत नाही. सीएसएमटीला उतरून क्रॉफर्ड मार्केटकडून चालत जाता येतं. जुना भाग बरोबर न्या आणि मापं कागदावरही लिहून न्या. झिजलेल्या सीलवरून माप घेतलं तर ते अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे होतं, म्हणून शाफ्टचं आणि घराचं माप व्हर्नियरने घ्या.

कंपनीच्या नंबराचे भाग अधिकृत विक्रेत्याकडे मागवा. तयार नसतील तर ते परदेशातून येतात आणि आठवडे जातात. किंमत विचारताना कस्टम ड्युटी, जीएसटी आणि वाहतूक धरून हातात पडेपर्यंतची किंमत लेखी घ्या. पंचायतीला किंवा संस्थेला दरपत्रकं जोडावी लागतात, त्यात भागाचं नाव नको, नंबर लिहा. ‘गिअर सेट, एक नग’ असं लिहिलं की स्वस्तातला कोणताही गिअर पुरवायला वाट मोकळी होते.

तिसरी जागा म्हणजे जे लोक ही मशीन रोज वापरतात. मालवण, तारकर्ली, अलिबागकडच्या जलक्रीडा चालवणाऱ्यांकडे आणि बंदरावरच्या मेकॅनिकांकडे मोडलेल्या मशीनचे चांगले भाग पडून असतात. कोणत्या मॉडेलचा कोणता भाग कशाला बसतो ही माहितीही त्यांच्याकडेच पक्की मिळते. मुंबईत रे रोडजवळचा दारूखाना जहाजांच्या जुन्या सामानासाठी प्रसिद्ध आहे, पण तिथे पारख स्वतःची हवी.

जुनं लोअर युनिट घेताना

गिअर, क्लच आणि बेअरिंग तिन्ही गेलेले असतील तर जुनं पूर्ण युनिट स्वस्त पडतं. पैसे देण्याआधी समोर तेल काढून बघा. विकणारा नको म्हणाला तर घेऊ नका. मग चार गोष्टी तपासा. शाफ्टची लांबी तीच हवी, कारण छोट्या आणि लांब शाफ्टच्या मशीनला लागणाऱ्या ट्रान्समची, म्हणजे बोटीच्या मागच्या फळीची, उंची साधारण १५ आणि २० इंच अशी वेगळी असते. ड्राइव्ह शाफ्टच्या माथ्यावरचे दाते, म्हणजे स्प्लाइन, मोजा. पंख्याचा शाफ्ट फिरवून त्याचं टोक डुलतं का बघा.

चौथं गिअरचं प्रमाण. गिअर टाका, ड्राइव्ह शाफ्टवर खडूची खूण करा आणि पंखा नेमका दहा वेळा फिरेपर्यंत शाफ्टचे फेरे मोजा. वीस फेरे आले तर प्रमाण दोनास एक. पिनियनला १३ आणि मोठ्या गिअरला २७ दात असतील तर साधारण पावणेएकवीस फेरे येतात. तुमच्या जुन्या युनिटशी हे जुळलं नाही तर पंखा बसेल, मशीन चालेलही, पण ओझं घेतल्यावर इंजिन एकतर दमेल किंवा उगाच भिरभिरेल.

बसवताना

जमिनीवर वर्तमानपत्र घालून हे काम होत नाही. स्वच्छ टेबल आणि धागे न सुटणारं कापड घ्या. बेअरिंग ठोकून बसवण्याऐवजी ॲल्युमिनियमचं घर गरम पाण्यात शेकून आणि बेअरिंग पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवून बसवा, ते सहज सरकतं. ठोकावंच लागलं तर जी कडा घट्ट बसते तिच्यावरच दाब द्या. सीलच्या ओठांना ग्रीस लावा आणि दिशा जुन्या फोटोप्रमाणे ठेवा.

फक्त सील आणि बेअरिंग बदलले असतील तर जुने शिम जागच्या जागी घाला आणि तरीही गिअरचा ढिलेपणा मोजून खात्री करा. गिअर किंवा बाहेरचं घर बदललं असेल तर शिमचं गणित नव्याने करावं लागतं. यामाहाच्या अनेक गिअरकेसवर, ट्रिम टॅब बसतो त्या जागेवर, एफ, आर, पी अशी अक्षरं आणि पुढे अंक कोरलेले असतात. ते त्या घराचं मूळ मापापेक्षा मिलिमीटरच्या किती शतांशांनी वेगळेपण आहे ते सांगतात आणि शिमच्या हिशोबात धरावे लागतात. डायल गेज नसलेल्या मेकॅनिकला हे काम देऊ नका. सील आणि पंप कोणीही नीटनेटका मेकॅनिक बदलू शकतो, पण शिमला मोजणारा माणूस हवा.

पिनियनचा नवा नट मॅन्युअलमधल्या टॉर्कने घट्ट करा. इम्पेलर बसवताना साबणाचं पाणी लावून शाफ्ट घड्याळाच्या दिशेने फिरवत खाली दाबा, पाती आपोआप योग्य बाजूला वळतात. युनिट वर चढवताना ड्राइव्ह शाफ्टच्या दात्यांच्या कडेला ग्रीस लावा, पण माथ्यावर नको. तिथे साठलेलं ग्रीस शाफ्टला पूर्ण वर बसू देत नाही. बोल्ट आवळण्याआधी पुढे, न्यूट्रल आणि मागे असे तिन्ही गिअर टाकून पंखा हाताने फिरवून बघा.

तेल भरण्याआधी दाबाची चाचणी पुन्हा करा. मगच खालच्या स्क्रूच्या भोकातून पंपाने तेल भरा. वरून भरलं तर आत हवा अडकते. वरच्या भोकातून बुडबुड्यांशिवाय तेल वाहू लागलं की वरचा स्क्रू बंद करा, मग पंप काढून चटकन खालचा. दोन्ही वॉशर नवे. लहान यामाहांना बहुधा एसएई ९० हायपॉइड गिअर ऑइल लागतं. तुमच्या मशीनचा दर्जा मॅन्युअलमध्ये बघा, पण मोटारसायकलचं इंजिन ऑइल कदापि नको.

पुरात उतरवण्याआधी

पंखा न लावता मशीन पाण्याच्या पिंपात चालवा. पाणी खेचण्याच्या जाळीच्या बरंच वरपर्यंत पाणी हवं. कोरडी मशीन काही सेकंदही चालवू नका, नवा इम्पेलर तेवढ्यात जळतो. मागच्या छोट्या भोकातून पाण्याची धार सुटली की पंप लागला. मग पंखा लावून संथ पाण्यात, ओझ्याशिवाय, निम्म्या वेगाने चालवा. पहिल्या दहाएक तासांनी तेल बदला आणि चुंबक पुन्हा तपासा.

बोटीत सुटा पंखा, नट, कॉटर पिन, त्यांचा पाना आणि दोन वल्ही कायम ठेवा. लहान मशीनच्या पंख्याला शिअर पिन असते, ती आपटल्यावर मुद्दाम तुटते. तिच्या जागी खिळा घालू नका, मग गिअर तुटतो. यंत्र कितीही चांगलं असलं तरी बोटीत माणसं मोजूनच घ्या. ऑगस्ट २०१९ मध्ये पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला माणसांनी भरलेली बचावाची बोट उलटली आणि अनेकांचे जीव गेले, हे विसरता येणार नाही.

वर्षाचं वेळापत्रक

ही दुरुस्ती मे महिन्यात काढू नका. तेव्हा भाग येत नाहीत, मेकॅनिक मोकळे नसतात आणि रोहिणी बरसायला लागतात. गणपती उठले की पहिल्या रविवारी मशीन स्वच्छ पाण्यात चालवून धुवा, तेल काढून तपासा आणि पंख्यामागचा धागा सोडवा. दाबाची चाचणी त्याच दिवशी. दोष सापडला तर दसऱ्यापर्यंत भागांची ऑर्डर जाऊ द्या, दिवाळीनंतर जोडणी. दोष नसला तरी नवं तेल भरून, मशीन उभी ठेवूनच शेडमध्ये लावा, म्हणजे आतलं पाणी निथळतं. इम्पेलर दोन वर्षांनी, मशीन कमी चालली असली तरी, बदला. उभ्या मशीनमध्ये त्याची पाती वाकलेलीच राहतात.

खर्चाचा निर्णय सोपा ठेवा. सुट्या भागांची किंमत नव्या लोअर युनिटच्या निम्म्याच्या पुढे जात असेल तर पूर्ण युनिट घ्या, त्याखाली असेल तर दुरुस्ती करा. आणि एक वही मशीनजवळच ठेवा: मॉडेल नंबर, बदललेल्या भागांचे नंबर, तेल बदलल्याची तारीख, चाचणीचा निकाल. पथकातली माणसं आणि पंचायतीतले पदाधिकारी बदलतात, पण ही वही राहिली तर पुढच्या माणसाला मशीन नव्याने शिकावी लागत नाही. तुमच्या गावात बोट असेल तर या आठवड्यात जाऊन तिचा खालचा स्क्रू सैल करून बघा.